पंधरा दिवस गळा बंद

बोरीच्या पाड्यावर घरं अठ्ठावीस आणि साठी ओलांडलेली माणसं अकरा. होळीपर्यंत ती बारा होती. बारावी नवशी. होळीला तिचा भाचा नाशिककडून द्राक्षांच्या कामावरून आला, दोन दिवस राहिला, मावशीच्या ताटात जेवला आणि परत गेला. त्याला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. तो गेल्यावर आठवड्याने नवशीला धाप लागली, आणि आणखी दोन दिवसांनी खोडाळ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच ती गेली.

पाड्याने वय झालं होतं म्हणून सोडून दिलं. योगिताला ते सोडता आलं नाही. ती पाड्याची आशाताई. भाचा आला त्या दिवशी तिनेच त्याच्या कपाळासमोर ताप बघायची बंदूक धरली होती, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिला होता, आणि आकडे बरोबर आल्यावर वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘ठीक’. तो दोन अक्षरांचा शब्द तिने कुणाला सांगितला नव्हता. मात्र भाकरी थापता थापता तो आठवला की तिचा हात थांबायचा.

एप्रिल संपता संपता करोनामुळे भिवंडीची गोदामं बंद झाली आणि पाड्यावरचे बारा जण एका जीपमधून घरी आले. त्यात मुकेश होता, योगिताचा धाकटा दीर. सहा दिवसांनी त्याचं लग्न होतं. मुलगी दाभोशाची. दारात मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या, वर जांभळीचे डहाळे टाकायचे तेवढे राहिले होते.

जीप चढ चढून आली तेव्हा योगिता रस्त्याच्या मधोमध उभी होती. हातात शाळेची किल्ली. शाळा वर्षभर बंदच होती, आणि बाळांची लसटोचणी तिथेच होत असल्यामुळे किल्ली तिच्याकडे असायची.

“वहिनी, बाजूला हो की,” मुकेश टपावरून हसत म्हणाला.

“घरी नाही जायचं. सगळ्यांनी शाळेत. दोन खोल्या झाडून ठेवल्यात, पाण्याचा पिंप भरलाय. दहा दिवस.”

बारा तोंडं एकदम बोलायला लागली. तोवर योगिताचा सासरा ढवळू खालून आला होता. त्रेसष्ट वर्षांचा, उंच, पाड्यात ज्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे असा माणूस. त्याने आधी पोराकडे डोळे भरून पाहिलं, मग सुनेकडे वळला.

“तुझं यंत्र लाव. ताप बघ. झालं.”

“यंत्र लावते, बाबा. पण ताप नसला तरी शाळेतच.”

“ताप नाय, खोकला नाय, नि माझा पोरगा गुरासारखा कोंडायचा? कशापायी?”

“ताप आला असता तर तो स्वतःच निजून राहिला असता. ज्याला काही होत नाही तोच घरभर फिरतो. मला त्याचीच भीती आहे.”

तिने एकेकाला बंदूक लावली. बाराच्या बारा जणांचे आकडे बरोबर. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, “आता लिही, ताई.” योगिताने वही उघडली, बारा नावं लिहिली, आणि त्यापुढची जागा कोरी ठेवून वही मिटली.

“तुम्ही घरी गेलात तर मी उपकेंद्रात कळवीन. सिस्टर येईल, गाडी येईल. मग दहा दिवस शाळेत नाही, जव्हारच्या दवाखान्यात काढायला लागतील. बघा.”

गाडीची भीती सगळ्यांनाच होती. गाडीतून गेलेला माणूस परत येत नाही, असं बाजारात बोललं जायचं. शिव्या घालत घालत बारा जण शाळेकडे वळले. ढवळू मात्र हलला नाही.

“तीन वर्षं झाली माझा मोठा पोरगा जाऊन,” तो हळू आवाजात म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं. “मूल नाय, बाळ नाय, तरी तुला घरात ठेवली. मी कधी तुला परकी म्हटलंय? आणि आज तू माझ्या दुसऱ्या पोराला रस्त्यावर अडवतेस. पाड्यासमोर.”

“आईला दमा आहे, बाबा.” आई म्हणजे सासू, काळी. “लग्नघरात पहिली तीच जाईल.”

“माझ्या घराचं मी बघीन. तू तुझं बघ.”

यातून काय समजायचं ते योगिताला समजलं. तिने घरातून दोन लुगडी, एक पातेलं, तांदूळ आणि औषधांची पिशवी घेतली. काळी चुलीपाशी बसून होती. तिने मिरचीची पुडी सुनेच्या पिशवीत कोंबली. नाचणीच्या, चढावरच्या वरकस जमिनीवर, पाड्यापासून हाकेच्या अंतरावर, राखणीची एक खोपटी होती. कुडाची भिंत एका बाजूने पडलेली. योगिता तिथे राहायला गेली. एका परीने तिला बरंच वाटलं. रोज बारा जणांजवळ उभी राहणारी ती. तिच्याच अंगातून तो रोग काळीकडे जाणार नाही कशावरून?

आता उरली होती गौराबाई.

गौराबाई पाड्याची धवलेरी. इथे लग्न लावायला भटजी येत नाही, धवलेरी येते. ती धवलं गाते, देवांना बोलावते, वरवधूचे हात हातात देते, तेव्हा लग्न लागतं. पंच्याहत्तरीची गौराबाई आणि नवशी, दोघी चुलतबहिणी, चाळीस वर्षं एकमेकींच्या गळ्यात गळा मिळवून गायल्या होत्या. आता गौराबाई एकटी. तिला मांडवात शंभर माणसांच्या मध्ये बसवायचं, पहाटेपासून तोंड उघडं ठेवून गायला लावायचं, आणि जवळ नवरदेव म्हणून मुकेशला बसवायचं. योगिताला ते डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गौराबाईच्या अंगणाबाहेर, फणसाखाली उभी राहिली. आत गेली नाही. गौराबाई ओट्यावर मोहाची सुकी फुलं निवडत होती.

“आजी, मुकेशच्या लग्नाला तू जाऊ नको.”

“काय?” गौराबाईला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. “जवळ येऊन बोल ना!”

“जवळ नाही येत! मुकेशच्या लग्नाला जाऊ नको!”

“का? मेलंय का कुणी?”

शेजारच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली. योगिता ओरडून समजावू लागली. भिवंडीहून आलेली माणसं वरून धडधाकट दिसतात, तरी त्यांच्या तोंडातून रोग येतो. गौराबाईने सूप खाली ठेवलं.

“पोरी, माझ्या दोन पोरांना, नवऱ्याला नि एका सुनेला मी पोचवलंय. मला मरणाची भीती दाखवू नको. म्हातारीला घरात कोंडून जगवायचं म्हणतेस? मग मी गाऊ कुठं? भिंतीपुढं?”

योगिता परत फिरली, चार पावलं गेली, आणि काय झालं कुणास ठाऊक, पुन्हा मागे वळली.

“आजी, नवशी माझ्यामुळे गेली.”

“काय?”

आता मागे जाता येत नव्हतं. योगिताने छातीत हवा भरली आणि ओरडली, “नवशी माझ्यामुळे गेली! तिचा भाचा आला तेव्हा मी त्याला तपासला! ताप नव्हता म्हणून ठीक लिहिलं! ठीक लिहिलं म्हणून तो तिच्या ताटात जेवला! मी त्याला एक दिवससुद्धा वेगळा ठेवला नाही, आजी!”

पाडाभर ते ऐकू गेलं. विहिरीकडे निघालेल्या बाया वाटेतच थांबल्या. नवशीच्या घराचं दार उघडं होतं; तिथली सून हंडा कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. योगिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान खाली नव्हती. गौराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, आणि दार लोटून घेतलं.

योगिता खोपटीवर आली ती आता पाड्यात आपलं कुणी उरलं नाही असं समजूनच. तरी दुपारी शाळेत पाणी पोचवायचं होतं, ते तिने पोचवलं. एकेकाच्या बोटाला चिमटा लावला, आकडे लिहिले. मुकेशने रुसून, तोंड फिरवूनच बोट पुढे केलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ढवळू विडा, तांदूळ आणि बाटली घेऊन गौराबाईकडे आमंत्रणाला गेला. तेव्हा जे झालं ते योगिताला नवशीच्या सुनेने येऊन सांगितलं. खोपटीपासून लांब उभी राहून, तोंडाला पदर लावून.

गौराबाईने ढवळूला ओट्यावर चढू दिलं नव्हतं. काठी आडवी धरून ती म्हणाली होती, “तिथूनच मोठ्यानं बोल.”

“लग्नाचं आवतण हाय.”

“पंधरा दिवस माझा गळा बंद.”

“योगितानं शिकवलं वाटतं?”

“ती कोण मला शिकवणार! माझा गळा, मी उघडीन नाय तर मिटीन. चाळीस वर्षं तुमच्या प्रत्येक मांडवात आम्ही दोघी गायलो. नवशी मेली तेव्हा तुमच्यातल्या एकानं तरी विचारलं का, ही कशानं मेली? वय झालं म्हणालात. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान होती, ढवळू! एक ती पोरगी बोलली. पाड्यासमोर बोलली. तुमच्यात हाय का तेवढी धमक?”

“मी वावर गावची धवलेरी आणीन,” ढवळू चिडून म्हणाला.

“आण ना. धोंडीबाईला मीच शिकवलंय. तिला निरोप पोचलाय. तीही येत नाय. बघ आणखी कुठं मिळते का.”

हे सांगून झालं तरी नवशीची सून गेली नाही. योगिताला वाटलं, आता ही आपल्याला बोलणार. पण ती एवढंच म्हणाली, “सासूबाईनं भाच्याला स्वतःच आपल्या ताटात बसवलं होतं. मी नको म्हटलं होतं, उष्टं म्हणून. ती कुणाचं ऐकायची का?” आणि निघून गेली.

धवलेरीशिवाय लग्न नाही. ढवळूला तारीख पुढे ढकलावी लागली.

गौराबाई एवढ्यावर थांबली नाही. पाड्याखालच्या विहिरीला एप्रिलात जेमतेम पाणी, सगळ्यांची तिथेच गर्दी. दुसऱ्या सकाळी ती विहिरीच्या वाटेवर दगडावर जाऊन बसली, तोंडाला सुती पदराची घडी बांधून. “आधी म्हातारी माणसं. एकेक. मग बाकीची. नि ज्याच्या घरचा माणूस शाळेत हाय, त्यानं शेवटी.” कुणी जवळ येऊन वाद घालू लागलं की ती काठी लांब करी. तिची काठी एका तरुणाच्या पोटाला टेकली तेव्हा बाया हसल्या; पण रांग मात्र लागली. पाड्यातल्या म्हाताऱ्यांना त्याची गंमत वाटू लागली. वर्षानुवर्षं त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आता आपण कुणाला भेटायचं नि कुणाला नाही, हे ती माणसं आपल्या तोंडाने सांगू लागली.

चौथ्या दिवशी उपकेंद्राची सिस्टर तपासणीचे किट घेऊन आली. बारा जण शाळेच्या मैदानात क्रिकेट खेळत होते. नाकात काडी घालून घेताना एकमेकांची टर उडवत होते. पंधरा मिनिटांनी सिस्टरने पट्ट्या ओळीने मांडल्या आणि दोनदा मोजल्या.

“सात,” ती म्हणाली. “सात जणांना आहे.”

चेंडू हातात धरलेला मुकेश पुढे आला. “मला?”

“तुलाही.”

“पण मला काहीच होत नाय!” तो जवळजवळ ओरडला. “मी आत्ता पळत होतो!”

“म्हणून तर,” योगिता म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. मुकेशचं तोंड उतरलं होतं. त्याने चेंडू खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, “वहिनी, बाबा काल आले होते. शाळेच्या मागनं. सुका बोंबील नि भाकरी घेऊन. एका पानात जेवलो आम्ही.”

योगिता पळतच घराकडे गेली. लग्न पुढे गेलं तरी ढवळू हट्टाने दारातल्या मांडवात डहाळे बांधत होता. तिने लांबूनच सांगितलं. पट्टीचा निकाल ऐकून त्याचे हात खाली आले, पण क्षणभरच.

“मला काय झालंय? मी ठणठणीत हाय.”

“आज आहात, बाबा. पण दहा दिवस आईजवळ जाऊ नका.”

“हे माझं घर हाय. माझ्या घरात मी जाईन,” म्हणत तो वळला, आणि त्याच्या नाकासमोर दार बंद झालं. आतून कडी पडली.

काळी चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढे आवाज चढवून बोलली नव्हती. दाराआडून आता तिचा दम्याने घोगरा आवाज आला. “मांडवात ऱ्हा. भाकरी फटीतून देईन.”

“काळे! दार उघड!”

“नाय उघडत. चार दिवस झाले, माझी सून पडक्या खोपटीत ऱ्हाते. तू मांडवात नाय ऱ्हाऊ शकत? मला मरायचं नाय, ढवळू. मला पोराचं लग्न बघायचंय.”

नवऱ्याचं नाव तिने घेतलं तसा ढवळू मांडवाच्या मेढीला टेकून खालीच बसला.

पोराच्या लग्नासाठी घातलेल्या मांडवात तो एकटा राहिला. येणारेजाणारे बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. योगिता दिवसातून तीनदा येऊन चिमटा वाटेवर ठेवायची, तो बोटाला लावून आकडा ओरडून सांगायचा. सत्त्याण्णव. शहाण्णव. मांडवातल्या पाचव्या दिवशी सकाळी तो एक्क्याण्णव म्हणाला; दुपारी काही म्हणालाच नाही, चिमटा तसाच परत ठेवला. योगिताने पुढे होऊन स्वतः लावला. अठ्ठ्याऐंशी.

“मी जव्हारला जाणार नाय,” तो धापा टाकत म्हणाला. “तठं गेलेला परत येत नाय.”

“नवशीआजी उशिरा निघाली म्हणून वाटेत गेली. तुम्ही आत्ता निघायचं. मी बरोबर आहे. नाही म्हणालात तर चौघांना सांगून उचलून टाकीन जीपमध्ये, मग चारचौघांत तेही दिसेल.”

ढवळूने तिच्याकडे पाहिलं. ही बाई तसं करील याबद्दल त्याला शंका उरली नसावी. तो आपल्या पायांनी उठला.

जव्हारच्या दवाखान्यात तो अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. योगिता त्याला पोचवून आली ती परत पाड्याच्या कामाला लागली, कारण शाळेतल्या सातांपैकी एकाला ताप चढला होता. तोही उतरला. बाकी सहा जणांना शेवटपर्यंत काही झालं नाही, अगदी काही नाही, आणि हेच पाड्यातल्या माणसांच्या मनात सगळ्यात खोल रुतलं. काळीला रोग शिवला नाही. गौराबाईलाही नाही. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या पाड्यांवरून म्हाताऱ्यांच्या मयतीच्या खबरा येत राहिल्या. बोरीच्या पाड्यावर अकराची अकरा माणसं राहिली.

मे संपायच्या आत लग्न लागलं. पंचवीस माणसं, खळ्यावर, उघड्या आभाळाखाली. म्हातारी माणसं एका बाजूला आंब्याखाली, वाऱ्याच्या तोंडाला. दाभोशाच्या व्याह्यांपैकी एकजण कौतुकाने गौराबाईच्या पाया पडायला वाकू लागला, तेव्हा तिने गाणं न थांबवता काठी पुढे केली. तो जागीच नमस्कार करून मागे सरला. वधूवरांचे हात तिने त्यांचे त्यांनाच धरायला लावले. कुणी म्हणालं, असं लग्न लागत नाही. गौराबाई म्हणाली, “मी लावलं म्हणजे लागलं.”

ढवळू बाजल्यावर बसून होता. निम्मा झाला होता. पाच पावलं चाललं की थांबायचा.

लग्नानंतर दोन दिवसांनी तो काठी टेकत टेकत वरकस जमिनीवर आला, खांद्यावर पेंढ्याचा एक भारा. वाटेत कितीदा बसला असेल देव जाणे. योगिता खोपटीची कुडाची भिंत शेणामातीने लिंपत होती.

“घरी ये,” तो म्हणाला. दम खाल्ला, मग पुन्हा, “घर तुझं पण हाय.”

योगिताने हात धुतले नाहीत. लिंपण अर्धं राहिलं होतं. “जेवायला येईन, बाबा. आईला बघायला रोज येईन. राहायला नाही. मला इथं बरं वाटतं.”

ढवळूने खोपटीभोवती नजर फिरवली. छपरातून दोन जागी आभाळ दिसत होतं. वाद घालायला त्याच्यात दम नव्हता, किंवा मनही नसेल. त्याने भारा सोडायला घेतला आणि छपराकडे हात वर केला.

“तुम्ही बसा,” ती म्हणाली. “खालून एकेक मूठ देत जा. वर मी चढते.”